वेचणीच्या हंगामातलं अप-डाउन

तुरीला बहर आला की माझ्या छातीत दूध दाटून येतं. वय सत्तरीच्या पुढे गेलं, पदराखाली आता काय उरलंय ते माझं मलाच ठाऊक. पण दिवाळी सरली, सकाळचा गारठा सुरू झाला, शिवारात तुरी पिवळ्या दिसू लागल्या, की एखाद्या दिवशी चहाचं आधण ठेवता ठेवता दोन्हीकडून तो जुना ताण भरून येतो आणि नकळत माझे हात छातीशी जातात. डॉक्टरीणबाईंना एकदा सांगून पाहिलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "आजी, वाताचं असेल." असेल बापडं. पण वाताला कापूसवेचणीचा हंगाम नेमका कसा कळतो, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आता वाशीमच्या आसपास कापूस तरी कुठे राहिलाय पूर्वीसारखा? सोयाबीन दसऱ्यालाच घरात येतं आणि रानं उघडी पडतात. गाडीही ती राहिली नाही. छोटी लाइन उखडली, मोठी लाइन आली, कोळशाचं इंजिन गेलं. डोळ्यात कोळशाचा कण गेला म्हणून पदराचा बोळा करून त्यावर फुंकर मारणाऱ्या बायाही गेल्या. मी मात्र आहे, आणि तो हंगाम माझ्यात आहे. घर सोडून गेलेलं माणूस अधूनमधून आपलं काही राहिलंय का ते बघायला यावं, तसा तो दरसाल येतो.

बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोनेक वर्षं झाली होती. माझी मुलगी सुजाता तेव्हा पाच महिन्यांची होती, आणि मला अकोल्याच्या टेलिफोन कचेरीत नोकरी लागली. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच सुनेला तोवर खुर्चीची नोकरी लागलेली नव्हती. आसेगावहून माझ्या वडिलांचा निरोप आला, "कायबी हो, पोरीनं खुर्ची सोडू नये." निरोप आणणाऱ्याने तो आल्या आल्या ओट्यावरूनच मोठ्यानं सांगितला, म्हणजे गल्लीलाही कळला.

प्रश्न गाडीचा होता. अंधार असताना वाशीमहून निघणारी पॅसेंजर धरायची, घाट उतरून अकोल्याला जायचं, दिवसभर काम करायचं आणि दिवस बुडाल्यावर परत. आमच्याकडे याला अप-डाउन म्हणतात. "ते अप-डाउन करतात," असं कुणाविषयी सांगितलं की ऐकणारा चुकचुकतो, मग काय नोकरी आहे ते विचारतो आणि चुकचुकणं थांबवतो. माझ्या नवऱ्याला गाव मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणायचे. मास्तर रिठदच्या शाळेवर होते, एसटीनं जाऊन-येऊन करायचे. अकोल्याला खोली करावी तर त्यांचं काय, इथं राहावं तर माझं काय. दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर त्यांना अकोल्यापर्यंत चावत जायचं होतं.

"एक महिना करून पाहू," मास्तर म्हणाले. "जमलं तं जमलं. नाई तं राजीनामा लेहायले कितीक वेळ लागते?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढे सुजाताच्या अंगाला तेल लावत होत्या. त्यांनी मान वर न करताच निकाल दिला.

"जाय तू बिनघोर. मी आहो न. संगं वावरात नेईन, धुऱ्यावरच्या बाभळीले झोळी बांधीन. माये चार लेकरं झोळीतच वाढले. एकाले तरी काटा रुतला का?"

मला जमेल का, यावर आमच्याकडे आठवडाभर खल झाला. शेजारच्यांनी मत दिलं, मास्तरांच्या मित्रांनी मत दिलं, एका एसटी कंडक्टरनंही दिलं. आत्याबाईंना जमेल का, हे मात्र कुणी विचारलं नाही. त्याही नोकरीवरच जात होत्या की. रेल्वे लाइनीपलीकडे पाटलाचं वावर होतं, तिथं वेचणी सुरू झाली की त्या आणि गल्लीतल्या बाया उन्हं वर यायच्या आत हजर असायच्या. पण कमरेला फडकं बांधून कापूस वेचण्याला कुणी नोकरी म्हणत नाही, म्हणून त्याचं जमणं-न जमणं विचारायचीही पद्धत नाही. हे मला आज सुचतंय. तेव्हा मला सुचलं ते एवढंच, की माझी सासू देवमाणूस आहे. ते खोटं नव्हतं, आजही नाही.

मग गाडी सुरू झाली. बायकांच्या डब्यातली लाकडी बाकं, खिडकीच्या गजांना बाहेरून टांगलेले दुधाचे कॅन, वळणावर त्यांचा होणारा खणखणाट. जऊळक्याला कुसुमताई चढायच्या, अकोल्यात शाळेवर शिकवायच्या. त्यांच्या मांडीवर कायम तपासायच्या वह्या असत आणि वह्यांवर सोललेल्या शेंगांची टरफलं. अमानवाडी गेली की घाट लागे, गाडी धापा टाकत वळणं घेई, आणि उजाडू लागलेल्या जंगलाकडे बघत मी बसून असे. नेमकं तिथंच माझं दूध दाटायचं. घरी सुजाता उठायची वेळ झालेली असायची. अंगाला कुणी न सांगता ते कळायचं.

सुरुवातीला मी कोपऱ्यात तोंड फिरवून फडक्यात दूध पिळायचे आणि फडकं खिडकीतून बाहेर झटकायचे. कुसुमताईंनी एकदा हात धरला.

"अवं, असं रुळावर टाकू नये दूध. झाडाच्या मुळाशी घालावं, म्हणजे आटत नाई."

मग मी एक पेला सोबत घेऊ लागले. अकोला स्टेशनबाहेर नळामागं एक कडुनिंब होता. रोज सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर चुकवून मी माझ्या लेकीच्या वाटचं दूध त्याला घालत असे. मला त्या झाडाचा राग यायचा. मोठं, टणक, कुणाचं काही न लागणारं झाड, आणि पीत होतं निवांत.

कचेरीत कानाला ते जड यंत्र लावलं की दिवसभर दुसऱ्यांचे आवाज. कापसाचे भाव, मयताचे निरोप, लग्नाच्या तारखा. कुणी रडायचं, कुणी शिव्या घालायचं, आणि मी दोऱ्या खोचत, काढत, माणसं जोडत बसायचे. दुपारी काम मंदावलं की मी कधीकधी वाशीमच्या लाइनीत दोरी खोचून नुसती ऐकत राहायचे. आमच्या घरी कसला आलाय फोन! पलीकडून फक्त घूं असा आवाज यायचा. पण तो वाशीमहून येतोय, असं वाटून बरं वाटायचं. आज त्या आवाजाची आठवण झाली की अंगावर काटा येतो.

कारण घरी आले की तसाच आवाज असायचा. म्हणजे काहीच नसायचा. धावतपळत, घामानं आणि दुधानं ओली होऊन मी दारात यायचे, तर सुजाता झोपलेली. उचलली की डोळे किलकिले करायची, दोन घोट प्यायची, पुन्हा मिटायची. हट्ट नाही, किरकिर नाही. शेजारीण म्हणायची, "लय शाहणी पोट्टी आहे बाई तुयी. मायची नोकरी समजते तिले." कुसुमताई तर हेव्यानंच म्हणाल्या, "रडत नाई? नशीब काढलं तू. मी घरातून निंगाली का माया पोरगा सारं गाव गोळा करे."

मास्तर रोज विचारायचे, "जमून राह्यलं का?" आणि मी म्हणायचे, "जमून राह्यलं." खरंच जमत होतं. कंबर दुखायची, डोळ्यात कोळसा जायचा, कधी क्रॉसिंगला गाडी तासन्‌तास अडकून पडायची, पण लेकरू कुणाला त्रास देत नव्हतं, आणि सगळा हिशेब शेवटी त्यावर येऊन थांबत होता.

महिना संपत आला होता. एका सकाळी पुढं कुठंतरी मालगाडी रुळावरून घसरली आणि आमची गाडी निघालीच नाही. फलाटावर बसून बसून ऊन आलं, मग गाडी रद्द झाल्याचं सांगितलं. मी इतकी खूश झाले की रजेचा विचारही आला नाही. घरी कुलूप असणारच, म्हणून सरळ लाइन ओलांडून पाटलाच्या वावराकडे निघाले. आज भरदिवसा पोरीला पाजायचं, एवढंच डोक्यात. दोन्ही बाजूंना पिवळ्या तुरी, मध्ये पांढरा फुटलेला कापूस, आणि वाकून वेचणाऱ्या बायांची ओळ. ते रान मला त्या क्षणी फार सुंदर दिसलं, आणि अजूनही तसंच दिसतं. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एका बाभळीला नाही, तीन बाभळींना मिळून चार झोळ्या लटकत होत्या. चार लेकरं. आणि एकाही झोळीतून आवाज येत नव्हता. उन्हात माशा घोंगावत होत्या, वाऱ्यानं झोळ्या जराजरा हलत होत्या. हसणं नाही, रडणं नाही, हातपाय झाडणं नाही. पाच-सहा महिन्यांची चार लेकरं एकाच वेळी इतकी गप्प असू शकत नाहीत. हे कळायला शिकावं लागत नाही.

मी सुजाताला उचललं. तिची मान माझ्या हातावरून घरंगळली. "सुजी, सुजी," केलं. गाल थोपटले, तळव्याला चिमटा काढला. पाजायला घेतलं तर दूध तिच्या ओठांवरून हनुवटीवर ओघळलं आणि तिनं गिळलंदेखील नाही. श्वास होता. सावकाश, जणू कसली घाईच नाही.

आत्याबाई ओळीतून वर आल्या. कमरेचं फडकं कापसानं फुगलेलं होतं.

"काहून उठवतं? राहू दे. दुपारपावतर नाई उठत ते आता."

"तुमाले कसं मालूम, कधी उठते ते?"

"रोजचंच आहे."

"काय देल्लं तिले?"

"काई नाई वं. गुटी उगाळतो न सकाळी, त्याच्यात थोडकी अफू. मोहरीच्या दाण्याएवढी." त्यांनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडून काळी गोळी दाखवली. लपवण्यासारखं काही आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतंच. "साऱ्याच देतात."

ओळीतली एक बाई कंबर सरळ करून म्हणाली, "आमीबी देतो बाई. नाई तं वेचाचं कसं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, जरा नवलानं. शिकलेल्या सुनेला एवढंही ठाऊक नसावं, याचं नवल. मी पोरीला छातीशी धरून तिथून निघाले, ती सरकारी दवाखान्यापर्यंत थांबले नाही. डॉक्टर रागावले, पण फार नाही. हंगामात त्यांना हे नेहमीचं असावं. "बंद करा," म्हणाले. "आठेक दिवस खूप रडेल. रडू द्या, पाजत राहा."

संध्याकाळी घरात बोलणं झालं. मास्तर आधी कसंनुसं हसले. "म्याबी तेच खाल्लं असन की मंग. झालोच न मास्तर?"

"तरीच," मी म्हणाले, "रविवारी तुम्ही दुपारचे उठत नाही." एरवी मी हे लाडानं म्हटलं असतं. त्या दिवशी माझा आवाज असा काही लागला, की ते उठून अंगणात गेले.

आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. पण ज्या वर्षी सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्या वर्षीपासून त्यांचं पंचशील चुकलेलं नव्हतं. रोज तिन्हीसांजेला बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावायच्या आणि हात जोडून पाचही शीलं पालीत म्हणायच्या, उच्चार एकदम खणखणीत. मी न राहवून बोलले.

"आत्याबाई, तुमी रोज पाचवं शील म्हणता. नशा करणार नाई म्हणता."

"नशा कोणं केली?" त्या खरोखरच चिडल्या. "दारूले हात नाई लावला म्या जिनगीत. हे तं लेकराची दवा होय."

मग मेणबत्ती लावायची वेळ झाली. त्यांनी हात जोडले. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि थांबल्या. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मग मेणबत्ती जळती ठेवून चुलीपाशी जाऊन बसल्या. पुढं कितीतरी दिवस त्या चारच शीलं म्हणत होत्या.

सुजाता आता पन्नाशीची आहे. शरीरानं, बुद्धीनं ठणठणीत, नागपूरला असते, माझ्यापेक्षा दुप्पट बोलते. तिची एकच तक्रार असते, "आई, तू मला लहानपणी कधी धड झोपू दिलं नाहीस." खरं आहे. ती शाळेत जायला लागली तरी दुपारी पडली की मी जाऊन तिचा अंगठा ओढायचे. ती "काय आहे!" म्हणून खेकसली की माझा जीव भांड्यात पडायचा. ती माहेरी येते तेव्हा अजूनही हात शिवशिवतो. त्याचं कारण मी तिला कधीच सांगितलेलं नाही. आजी तिची फार लाडकी होती.

तर अफू बंद झाल्यावर ती रडली. डॉक्टर म्हणाले त्याहून जास्त रडली. अंग आवळून, निळी-काळी होऊन, नाकडोळे गाळत. मी रजा टाकली. दिवस दिवस आम्ही दोघी तिला आलटून पालटून खांद्यावर घेऊन घरात फिरत होतो. वेचणी भरात असताना आत्याबाई घरी आहेत, हे गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं. महिना तर संपलेला होता. मास्तर आता "जमून राह्यलं का" असं विचारत नव्हते. कागद आणि पेन मात्र त्यांनी कोनाड्यात काढून ठेवलं होतं, राजीनाम्यासाठी, आणि ते मला जाता-येता दिसत होतं. मी ठरवून टाकलं होतं. खुर्ची गेली चुलीत.

अशाच एका दुपारी सुजाता आत्याबाईंच्या खांद्यावर आक्रोश करत होती. मी घ्यायला गेले, तर त्यांनी दिली नाही.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "रडते, तोपावतर आहे."

मग फिरता फिरताच, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले चार नाई झाले. पाच झाले."

मी भिंतीला टेकून खाली बसले.

"पहिली पोरगी होती. अशीच वेचणी होती. दिवस कलल्यावर झोळीपाशी गेली, तं थंडी पडेल होती. बाया म्हणाल्या, हवा लागली. म्याबी म्हणलं, हवा लागली."

"आणि मागून चौघाईले देत राह्यल्या?"

"देली. रडणारं लेकरू असलं का मुकडदम वावरात उभं करे ना. वावरात नाई गेलं तं खाचं काय?"

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "तुमाले मालूम होतं, कशानं गेली ते?"

त्या थांबल्या. पोरगी त्यांच्या कानाशी जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि त्या बाईचा आवाज अगदी साधा होता.

"मालूम असतं, तं दुसऱ्या दिवशी वेचाले कशी गेली असती मी?"

मी त्यांच्यावर रागावलेली होते, आणि तो राग कुठं ठेवावा ते मला कळेना. आजही कळलेलं नाही. त्या पोरीचं नाव काय होतं, हे मी विचारलं नाही. ठेवलं असेल की नाही, कोण जाणे.

दिवेलागणीच्या आधी त्यांनी कोनाड्यातला कागद उचलला आणि मास्तरांच्या हातात देऊन म्हणाल्या, "हे शाळेत नेजो, पोट्ट्याईले लेहाले. सून जाईन नोकरीवर." मग माझ्याकडे वळल्या. "मी वेचाले जात नाई आता. घरी रायतो, लेकरू पायतो. रडलं तं रडलं. तू जाय."

"तुमाले जमन का, आत्याबाई?"

त्यांना आयुष्यात हे पहिल्यांदाच कुणी विचारलं असावं. त्या गोंधळल्या. त्यांनी पोरीचं नाक पुसलं.

दोन दिवसांनी मी पुन्हा गाडी धरायला निघाले. सुजाताच्या अंगातली अफू अजून पुरती उतरलेली नव्हती. मी चपला घातल्या आणि तिनं टाहो फोडला. आत्याबाई तिला खांद्यावर घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या तिला गप्प करत नव्हत्या, थोपटतही नव्हत्या, नुसत्या धरून होत्या, की मला ऐकू येत राहावं. मी गल्ली ओलांडली. गारठ्यात आवाज लांबवर येतो. पेठेतली बंद दुकानं गेली, चक्की गेली, तो माझ्या पाठीशी होताच. स्टेशनच्या फाटकाशी आले आणि रडणं बंद पडलं. गाडी लागलेली होती, गार्डानं शिट्टी दिली, कुणीतरी "बाई, चला" म्हणून ओरडलं. मी गाडीकडे पाठ करून उभी राहिले, श्वास रोखून. इंजिनानं वाफ सोडली, ती ओसरली. मग अंधारातून, फार लांबून, अगदी बारीक, पुन्हा रडणं आलं आणि मी पळत सुटले, ती डब्यात चढेपर्यंत थांबले नाही.